एका पायावर उभे राहू या, पण भिंत धरून



या वेळच्या आरोग्य पानासाठी आम्ही एकच आसन निवडले आहे : वृक्षासन. एका पायावर सरळ उभे राहायचे, दुसऱ्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि हात छातीशी जोडायचे, एवढेच हे आसन. दरवर्षी २१ जूनला योग दिनाच्या कार्यक्रमात शाळेतली मुले ते करतात. त्यामुळे जळकोटच्या आपल्या वस्तीतल्या बऱ्याच मुलांना ते ठाऊक असते. पण ज्यांना त्याची जास्त गरज आहे, त्या चाळिशी ओलांडलेल्या आईवडिलांनी आणि घरातल्या आजी-आजोबांनी ते कधी करून पाहिलेले नसते.

या आसनाविषयी बोलायला लागले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : "दिवसभर रानात राबतो, आम्हाला कशाला पाहिजे व्यायाम?" दुसरा : "योग म्हणजे त्यांचे काहीतरी, आपण बौद्धांनी का करायचे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आधी त्यांची उत्तरे देऊ.

कष्ट आणि व्यायाम एकच नाहीत

सोयाबीन काढताना आपण तासन्‌तास कमरेत वाकलेले असतो. ऊसतोडीला गेलेला माणूस एकाच हाताने कोयता चालवतो आणि एकाच बाजूला वळतो. गवंड्याच्या हाताखालची बाई एकाच खांद्यावर किंवा डोक्यावर ओझे वाहते. या कामात ताकद भरपूर लागते, पण शरीराचे तेच तेच भाग झिजतात आणि बाकीचे तसेच राहतात. व्यायाम म्हणजे आणखी घाम गाळणे नव्हे. जे भाग कामात वापरले जात नाहीत त्यांना जागे करणे आणि जे आखडले आहेत त्यांना सरळ करणे, हा त्याचा अर्थ. वृक्षासनाला दोन्ही बाजू मिळून पाच मिनिटे पुरतात आणि पैसा एकही लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या आसनासाठी कुठला मंत्र म्हणावा लागत नाही, कुणाची पूजा करावी लागत नाही. स्नायू, सांधे आणि मेंदू यांचा हा व्यायाम आहे. कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर करून पाहून उपयोग वाटला तर स्वीकारावे, हीच आपली रीत आहे. शिवाय शरीराकडे लक्ष देणे आपल्याला परके नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चारही स्थितींत सजग राहायला सांगितले आहे. उभे राहणे हाही त्यातला एक अभ्यासच आहे.

चालताना आपण एका पायावरच असतो

एका पायावर उभे राहणे ही सर्कस नाही. आपण चालतो तेव्हा एक पाय पुढे जात असताना सगळे वजन दुसऱ्या पायावर असते. चालण्याच्या एकूण वेळेचे दहा भाग केले, तर जवळपास आठ भाग आपण एकाच पायावर असतो. उंबरा ओलांडताना, जिना चढताना, सोलापूर-हैदराबाद महामार्ग घाईने ओलांडताना, एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना, न्हाणीत उभ्याने पाय धुताना आपला तोल एका पायावर असतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा मजूर तर प्रत्येक पावलाला एका पायावर स्वतःचे आणि मोळीचे वजन पेलतो.

हा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर चालतो. डोळे आजूबाजूचे सांगतात. कानाच्या आतला तोलाचा अवयव डोके कुठे कलले ते सांगतो. तळपाय आणि सांधे जमीन कशी आहे, वजन कुठे पडले ते सांगतात. ही माहिती मेंदू जुळवतो आणि घोट्याच्या, मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंना क्षणोक्षणी हुकूम देतो. वय वाढले की हे तिन्ही संदेश मंदावतात, स्नायूही बारीक होतात. मग साध्या ठेचेने माणूस पडतो. तरुणपणी जी ठेच हसण्यावारी नेली, तीच सत्तरीत खुब्याचे हाड मोडते. वस्तीतल्या घरात खुब्याचे हाड मोडले की एक माणूस अंथरुणाला खिळतो, दुसऱ्याची मजुरी बुडते आणि दवाखान्याच्या खर्चासाठी व्याजाने पैसे काढावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. म्हणून हीच संघटना ६५ वर्षांवरील माणसांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करायला सांगते. वृक्षासन त्याच प्रकारचा व्यायाम आहे.

सोसणे म्हणजे साधना नव्हे

एका पायावर उभे राहण्याची प्रथा आपल्या देशात फार जुनी आहे. तमिळनाडूत महाबलीपुरमला सातव्या शतकातले एक भव्य शिल्प आहे. त्यात हात वर करून एका पायावर उभा असलेला तपस्वी कोरला आहे. शरीराला पीडा दिली की काहीतरी मोठे मिळते, अशी त्यामागची समजूत. सिद्धार्थ गौतमानेही असे कठोर तप करून पाहिले, शरीर काडीसारखे झाले, आणि मग तो मार्ग निरुपयोगी म्हणून सोडून दिला. त्यातूनच मध्यम मार्ग आला.

आपले वृक्षासनही मध्यम मार्गानेच करायचे. दुखत असताना दात-ओठ खाऊन उभे राहायचे नाही. शेजारणीने एक मिनिट केले म्हणून आपण दोन मिनिटे करायचे नाही. स्नायूला ताण जाणवणे ठीक आहे. सांध्यात कळ आली, की पाय खाली.

भिंतीचा आधार घेण्यातही लाज नको. पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असत. पुढे त्यांनी आजारी, वयस्क आणि अवघडलेल्या माणसांना आसने करता यावीत म्हणून भिंत, खुर्ची, लाकडी वीट, पट्टा आणि दोर यांचा आधार पद्धतशीर वापरला. १९७५ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेतून ही पद्धत जगभर गेली.

आपल्यासाठी याहून जवळचे उदाहरण बाबासाहेबांचे आहे. मधुमेहाने आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने ते शेवटची काही वर्षे त्रस्त होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या सोहळ्याला ते काठीच्या आणि सहकाऱ्याच्या आधारानेच आले. आधार घेतल्याने त्यांचे काम लहान झाले नाही. मग आपण भिंत धरायला का लाजावे?

सुरुवातीची तयारी

जागा : घरातली कोरडी, सपाट जागा निवडा. शहाबादी फरशी ओली असेल तर पुसून घ्या. सारवलेली जमीन पूर्ण वाळू द्या. गादीवर, सतरंजीच्या घडीवर, खाटेवर किंवा गच्चीच्या कडेला हे आसन करू नका.

आधार : पक्की भिंत किंवा दाराची चौकट धरा. प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, दाराची फळी फिरते, रिकामी टाकी कलंडते. हे आधार नव्हेत. चूल, गॅस आणि धारदार वस्तू जवळ नकोत.

कपडे : पाय अनवाणी ठेवा. मोजे घालून घसरायला होते. साडीचा घोळ किंवा लुंगी पायात येणार नाही अशी खोचून घ्या.

वेळ : सकाळी कामाला निघण्यापूर्वी उत्तम. जेवणानंतर दोन-तीन तास थांबा. पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये, थोडे खाऊन करावे. दिवसभराच्या कामाने पाय थरथरत असतील तेव्हा टाळा. आणि दारू प्यालेल्या माणसाने हे आसन करायचेच नाही. पंचशील तर पाळायचेच, पण इथे हाडाचाही प्रश्न आहे.

पायऱ्या पाच, घाई नाही

पुढच्या पायरीवर केव्हा जायचे याचा नियम साधा आहे. सध्याच्या पायरीवर दोन्ही पायांनी, श्वास न रोखता, वीस अंक सावकाश मोजेपर्यंत उभे राहता आले तरच पुढे जा. कुणाला दोन दिवस लागतील, कुणाला दोन महिने. कुणी कायम दुसऱ्या पायरीवरच राहील, तरी त्याचा फायदा होतोच.

पहिली पायरी. दोन्ही पायांवर नुसते नीट उभे राहा. पावलांत चार बोटांचे अंतर ठेवा. तळपायाच्या तीन ठिकाणी वजन जाणवू द्या : टाच, अंगठ्याच्या मागचा चवडा आणि करंगळीच्या मागचा चवडा. गुडघे सरळ, पण मागे ढकललेले नकोत. खांदे सैल सोडा, हनुवटी जमिनीला समांतर ठेवा. याला ताडासन म्हणतात. एक मिनिट असेच उभे राहून श्वासाकडे लक्ष द्या. आपण नेहमी एकाच पायावर भार देऊन उभे राहतो, हे इथे पहिल्यांदा कळते.

दुसरी पायरी. डाव्या पायावर उभे राहायचे असेल तर भिंत डाव्या बाजूला घ्या, म्हणजे उजवा गुडघा बाहेर वळायला जागा राहते. डाव्या हाताचा तळवा खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा, कोपर किंचित वाकलेले असू द्या. आता उजवी टाच उचलून डाव्या घोट्याला टेकवा. उजव्या पायाची बोटे जमिनीवरच राहू द्या. गुडघा जमेल तेवढाच बाहेर वळवा. नजर समोर डोळ्यांच्या रेषेत एका जागी ठेवा. भिंतीवरचा खिळाही चालेल. दहा अंक मोजा आणि पाय सावकाश खाली ठेवा. मग दुसऱ्या बाजूने करा.

तिसरी पायरी. भिंत धरूनच उजव्या पायाचा तळवा डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला टेकवा. पाय पोटरीवर दाबा आणि पोटरीनेही पायाला उलट दाब द्या. या दोन दाबांनी तोल स्थिर होतो.

चौथी पायरी. ज्यांना सहज जमते त्यांनी हाताने घोटा धरून तळवा मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बराच वर ठेवावा. भिंतीवरचे बोट हळूच सोडून पाहावे. मग दोन्ही हात छातीशी जोडावेत. भिंत हाताच्या अंतरावरच राहू द्या.

पाचवी पायरी. तोल पक्का झाल्यावर हात डोक्यावर सरळ न्यावेत. ही पायरी ऐच्छिक आहे. छायाचित्रात ती छान दिसते, पण तोलाचा मुख्य फायदा आधीच्या पायऱ्यांतच मिळून जातो.

प्रत्येक बाजूने दोन किंवा तीन वेळा करा. जास्तीत जास्त अर्धा मिनिट थांबा. पाय खाली आणताना टाकू नका, ठेवा. बरीच माणसे आसनात नव्हे, आसनातून बाहेर येताना तोल गमावतात.

नेहमी होणाऱ्या चुका

सर्वात मोठी चूक म्हणजे तळवा थेट उभ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवणे. गुडघा बिजागरीसारखा मागे-पुढे वाकण्यासाठी आहे. त्याला बाजूने दाब दिला की आतले अस्थिबंध ताणले जातात. तळवा गुडघ्याच्या खाली ठेवा किंवा वर ठेवा, गुडघ्यावर कधीच नाही. शाळेत मुले करतात तेव्हाही ही चूक दिसते, ती घरी सुधारा.

दुसरी चूक म्हणजे उभ्या पायाच्या बाजूला कुल्ला बाहेर काढून शरीर लटकवणे. असे केले की स्नायूंऐवजी सांध्यावर भार येतो. तिसरी चूक श्वास रोखण्याची. श्वास अडला तर समजावे की पायरी आपल्यापेक्षा वरची आहे. चौथी म्हणजे डोळे मिटणे. डोळे मिटले की तोलाच्या तीन आधारांपैकी एक जातो. घरी, एकट्याने, डोळे मिटून हे आसन करू नये.

कुणी जास्त जपावे

साठी ओलांडलेल्यांनी पहिल्या तीन पायऱ्याच कराव्यात आणि घरातले कुणीतरी जवळ असावे. खोलीच्या कोपऱ्यात, पाठ कोपऱ्याकडे करून उभे राहिले तर दोन्ही बाजूंना भिंत मिळते. वृद्धांसाठी ही सर्वात सुरक्षित जागा आहे.

मधुमेह असलेल्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा येतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशांच्या मेंदूला तळपायाकडून नीट माहिती मिळत नसते, म्हणून त्यांनी भिंत कधीच सोडू नये. आसनापूर्वी आणि नंतर तळपाय पाहावेत. फोड, भेग किंवा जखम असेल तर आधी दवाखाना, आसन नंतर.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना अचानक उठल्यावर चक्कर येऊ शकते. त्यांनी अंथरुणातून उठून लगेच आसनाला उभे राहू नये. बीपी आटोक्यात नसेल तर हात डोक्यावर नेऊ नयेत.

गरोदर भगिनींचा तोल पोटाच्या वाढीबरोबर पुढे सरकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून, भिंत धरून, फक्त दुसरी पायरी करावी. चक्कर किंवा पोटात दुखत असेल तर अजिबात नाही.

गुडघ्याला सूज, घोटा मुरगळलेला, नुकतेच मोडलेले हाड, कृत्रिम सांधा, अर्धांगवायू किंवा कानाच्या विकाराने येणारी गरगर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

इथे भगिनींना आमचे एक सांगणे आहे. आसन करताना वारंवार चक्कर येत असेल, धाप लागत असेल, तर ते 'सवय नाही म्हणून' असे समजून सोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणीही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

आणि कुणाचा तोल अचानक गेला, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तो आसनाचा थकवा नाही. तो पक्षाघात असू शकतो. कांदा हुंगवत, अंगारा लावत बसू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

काय मिळते आणि काय मिळत नाही

नियमित सरावाने घोट्याचे, पोटरीचे आणि कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू मजबूत होतात. पायाला जमिनीची जाण वाढते. ठेच लागली तर सावरायला शरीर लवकर धावते. उभे राहण्याची ढब सुधारते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्या वयात न पडणे हेच हाड वाचवण्याचे मोठे साधन आहे. आणि नजर व श्वास एका जागी ठेवल्याने मनही थोडा वेळ एका जागी थांबते.

ब्राझीलमधल्या एका अभ्यासाचा उल्लेख २०२२ पासून वारंवार होतो. त्यात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. साधारण पाचातल्या एकाला ते जमले नाही. पुढच्या सुमारे सात वर्षांत, ज्यांना जमले नाही त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा नाही. तोल बिघडणे ही शरीरात आणखी काही बिघडल्याची खूण असू शकते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना पूर्वी जमत होते आणि आता अचानक जमेना, तर त्यांना डॉक्टरकडे न्या.

जे मिळत नाही तेही स्पष्ट सांगू. वृक्षासनाने मधुमेह बरा होत नाही, बीपीची गोळी सुटत नाही, मुलांची उंची वाढत नाही, सरकलेली मणक्याची गादी जागेवर येत नाही. असे सांगणारा कुणी शिबिर भरवून पैसे मागत असेल तर त्याला पुरावा विचारा. अंगारे-धुपारे सोडून आपण बाहेर पडलो. त्यांच्या जागी नवी अंधश्रद्धा आणायची नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी आसनासाठी बंद करू नका.

घरात आणि विहारात

मुलांना जमते म्हणून त्यांना शिक्षक करा. नातीने आजीला दुसरी पायरी शिकवावी, आजीने नातीला श्वास धीराने घ्यायला सांगावे. पण मुलांना आजीशी स्पर्धा लावू देऊ नका. सून स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि मुलगा कामावर निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढू शकतो. जे ऊसतोडीला जाणार आहेत त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करावी. कोपीवर गेल्यावर भिंत नसते, तेव्हा ट्रॉलीला नव्हे, जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला किंवा झाडाला धरून पहिल्या दोन पायऱ्या करता येतात.

आमची सूचना अशी आहे. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे यासाठी ठेवावीत. विहाराच्या भिंतीलगत वडीलधाऱ्यांनी उभे राहावे, प्रत्येकामागे एक तरुण असावा. किती वेळ कोण उभे राहिले याची नोंद नको. त्या आठवड्यात कुणी पडले का, कुणाला चक्कर आली का, कुणाच्या पायाला जखम आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. ज्याला गरज आहे त्याला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात घेऊन जाणारे कुणीतरी ठरवावे.

उद्या सकाळी भिंतीजवळ उभे राहून पहिली पायरी करून पाहा. पुढच्या अंकात बसून उठण्याचा, म्हणजे हात न टेकता जमिनीवरून उठण्याचा सराव आम्ही देणार आहोत. तोपर्यंत भिंत सोडायची घाई नको.

जय भीम.